अण्णांचा चादरीखालचा सौदा

गेल्या महिन्यात एका सोमवारी आम्ही सोलापूरच्या एका हॉस्पिटलात आयसीयूबाहेर बसलो होतो... आई, मी आणि अण्णांचे जुने मित्र रशीदचाचा. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बायपास होऊन बारा दिवस झाले होते आणि व्हेंटिलेटर काही सुटत नव्हता.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तोंडातली नळी काढू, गळ्याला छोटं छिद्र करून तिथून घालू. ट्रेकिऑस्टॉमी. मी गूगल करून आधीच अर्धी डॉक्टर झालेली, त्यामुळे लगेच मान डोलावली. आईचा मात्र चेहरा उतरला.

कारण अण्णा मुरुमच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, लिलाव पुकारतात. तुरीच्या ढिगाशी उभं राहून त्यांनी बोली सुरू केली की गेटबाहेरच्या चहावाल्यालाही भाव कळतो. सही आईला करायची होती आणि ती पेन नुसतं हातात धरून बसली. "उठल्यावर त्यांनी इचारलं, माझा गळा कुणाला इचारून कापला, तर म्या काय सांगू?"

मला वाटलं, मॅडम आता वैतागणार. पण त्या आम्हाला आत घेऊन गेल्या आणि त्यांनी सोनोग्राफीचं मशीन मागवलं. चाचा दचकलेच. "सोनोग्राफी? अण्णाची?" एवढ्या टेन्शनमध्येही मला हसू फुटलं.

मॅडमनी अण्णांच्या गळ्यावर प्रोब ठेवला आणि स्क्रीन आईकडे वळवला. ही श्वासनलिका... आणि ही बरोबर मधून जाणारी रक्तवाहिनी. रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत, म्हणून हिला चुकवायचं. छातीचे टाके ताजे आहेत, त्यांच्यापासूनही लांब राहायचं. आणि नळी घालताना आतून कॅमेऱ्यानं बघत राहायचं.

"आन् आवाज?" आईनं विचारलं. नळी आहे तोवर नाही, नंतर बहुतेक येईल, पण हमी देता येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. खोटा धीर दिला नाही, त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. आईनं सही केली.

सगळं नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी अण्णा चांगले जागे झाले... ओठ हलले, आवाज नाही. हात गळ्याकडे गेला. पेन दिलं तर बोटांत धरवेना. मग ते आईकडे एकटक बघत राहिले आणि आई हळूच माझ्या मागं सरकली. मला फार वाईट वाटलं तिचं.

चाचा मोंढ्यातले जुने खरेदीदार. पूर्वी तिथं दोघं रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे, शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. चाचांनी सरळ अण्णांच्या चादरीखाली हात घातला. "नळी किती दिवस, ह्येच इचारतूस ना?" अण्णांनी डोळ्यांनीच हो म्हटलं.

मॅडम शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी पंधरा दिवसांचा अंदाज सांगितला होता. चाचांनी बोटं दाबून तो आकडा कळवला. चादर थोडी हलली... "सात म्हणतोय, मॅडम. लई चिवट हाय!" मॅडम हसल्या, म्हणाल्या, तब्येतीनं साथ दिली तर दहा, त्याच्या खाली नाही. पुन्हा चादर हलली. सौदा पटला.

चाचांनी हात बाहेर काढला, तरी अण्णांचा हात चादरीखाली तसाच पुढं केलेला दिसत होता. ते आईकडे बघत होते. आई घाबरत पुढं झाली आणि तिनंही हात आत घातला. अण्णांनी तो धरला... आणि सोडेचनात.

"काय म्हणतेत ओ? किती?" आईनं चाचांना विचारलं.

चाचांनी चादरीचा कोपरा उचलून बघितलं आणि परत नीट झाकला. "भाभी, ह्येला आकडा न्हाय."

अण्णा आता मुरुमला घरी आहेत. आवाज घोगरा आहे, मोंढ्यात पुकारण्याइतका होईल की नाही, माहीत नाही. पण त्या दिवसानंतर आई शांत झोपायला लागली, आणि मी त्यातच खूश आहे.