मोमबेलीची कैफियत

“मुद्दत!” असं म्हणून पेशकारसाहेब भिंग खाली ठेवायचे आणि धोतराच्या सोग्यानं पुसायचे. माघ महिन्यात हे रोज सकाळी चालायचं.

कचेरीच्या भाषेत मुद्दत म्हणजे पुढची तारीख. दावा आज निकाली निघत नाही, पुन्हा या. पण इथे दावेदार कुणी माणूस नव्हता, खिडकीतली एक वेल होती. थंडी सरायला लागली की साहेब आंघोळ करून, ओल्या केसांनीच तिच्या पेऱ्यापेऱ्याला भिंग लावून बघायचे. नवी शेंडी फुटली का? नाही? मग मुद्दत.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. राजूरच्या गणपतीपासून चार कोसांवर आमची कचेरी. मी तिथं नवा कारकून, आणि ते पेशकार, म्हणजे तहसीलदारापुढे कागद ठेवणारे. नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. त्यांची बायको, आमच्या काकू, त्याही म्हणायच्या, “थांबा जरा, पेशकार जेवून राह्यले.”

हैदराबादेतल्या कुठल्याशा बंगल्याच्या माळ्यानं त्यांना त्या वेलीचा वीतभर तुकडा दिला होता. फुलं मेणाची केल्यासारखी दिसतात म्हणून माळी तिला मोमबेल म्हणायचा. आपल्याकडचं ऊन तिला सोसत नाही, म्हणून ती घरात, पूर्वेच्या खिडकीशी, रॉकेलच्या डब्यात. पानं जाडजूड. काकू आठवड्यातून एकदा ती ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि पुसता पुसता सुनवायच्या, “या सवतीकडं बघतेत तसं भिंग लावून माझ्याकडं बघितलं का कधी?”

“तुम्ही कुठं शेंड्या फोडून राह्यल्या?” साहेब म्हणायचे.

अकरा वर्षं झाली होती आणि साहेबांनी तिचं फूल पाहिलं नव्हतं. ह्या वेलीचा एक हट्ट आहे. कळ्या धरल्यावर जागा हलवली की ती सगळ्या गाळून टाकते. आणि सरकार बदल्या करणार उन्हाळ्याच्या तोंडावर! तीन गावं झाली, तीनदा कळ्या आल्या, तीनदा त्या बैलगाडीत गळल्या. “एकदा बघायचंय बाबा,” ते मला म्हणाले होते, “एकदा. दुसरं काही मागणं न्हाई माझं.” मला हसू आलं होतं. आता नाही येत.

वेलीची त्यांनी एक वही ठेवली होती. कागद स्वतः बाजारातून आणलेला, सरकारी कागदाला हात नाही. पोथी मराठीतून वाचायचे, पण वेलीबद्दल लिहायचे उर्दूत, कचेरीच्या वळणात. “मोमबेल. हालत बदस्तूर.” म्हणजे जैसे थे. अशी पानंच्या पानं बदस्तूर! मी एकदा म्हणालो, “साहेब, रोज तेच लिहायचं तर आठवड्याचं एकदम का नाही लिहीत?” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “परवाचं परवा बघितल्याबिगर कसं लिव्हू?”

हा माणूस असा होता. मी नोकरीला लागल्या लागल्या धावडा गावच्या पिकाची कैफियत, म्हणजे अहवाल, लिहिली, “पीक ठीक आहे.” साहेब म्हणाले, “तुम्ही धावड्याला गेल्तात?”

“नाही. सगळे म्हणतात ठीक आहे.”

“मंग ठीक कुणी बघितलं?” कागद टरकन फाडला. दुसऱ्या दिवशी मी भर उन्हात धावड्याच्या बांधावर. आणि पीक, सांगायला लाज वाटते, बिलकुल ठीक नव्हतं. अर्धं किडीनं गेलं होतं.

त्या माघात वेलीला शेंडी फुटली तेव्हा मला साहेबांच्या घरून बोलावणं आलं. धावत गेलो. बघतो तर हातभर लांब एक बारीक काडी, पान म्हणून नाही, भिंतीवर लोंबकळतेय. मी आपलं मदत करायला गेलो. “ही वाळली वाटतं, मोडून टाकू?”

“अहो जनाब!” साहेब केवढ्यांदा ओरडले. जनाब म्हटलं की समजायचं, बिघडलं. “ती जिंदा हाये! आधी हात पुढं करती, पकडायला काही मिळालं की मंग पानं. इतकी कशाची जल्दी तुम्हाला?” त्या दिवशी कचेरीत शिपायापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना बत्तासे वाटले. तहसीलदारांनी विचारलं, “मुबारक हो, नातू झाला का?” साहेबांनी खरं काय ते सांगितलं. तहसीलदारांनी बत्तासा उलटसुलट करून बघितला आणि तोंडात टाकला.

फाल्गुनात पानांच्या बेचक्यात एक देठ आला आणि देठाला मोहरीएवढ्या कळ्यांचा झुबका. साहेबांचं चालणं बदललं. त्या खोलीत ते पाय न वाजवता जायचे. आणि नेमकी त्याच आठवड्यात टपालातून त्यांची बदली आली. जिंतूरला. टपाल मी फोडायचो. कागद मी दोनदा वाचला.

मग मी केलं ते केलं. जुन्या मिसलींचा, म्हणजे निकाली प्रकरणांच्या कागदांचा, लाल कापडात बांधलेला बस्ता सोडला, कागद मधे सरकवला, पुन्हा गाठ मारली. कचेरीत कागद गहाळ होतातच. पंधरा दिवसांचा तर प्रश्न होता, कळ्या उमलल्या की सापडला असता.

पाचव्या दिवशी साहेबांनी स्वतः तो बस्ता सोडला. का सोडला देव जाणे. कागद वाचला, घडी केली, माझ्यासमोर ठेवला.

“आवक नोंदवा.”

“साहेब, दहा दिवस फक्त...”

“ज्या तारखेला आल्ता त्या तारखेची नोंद करा. आणि उशीर का झाला ते बी लिव्हा.”

“काय लिहू?”

त्यांनी दौत माझ्याकडे सरकवली. “लिव्हा, कारकुनाच्या हातून चुकीच्या बस्त्यात गेला. खोटं न्हाई ना?” एवढंच बोलले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

वेल त्यांनी नेली नाही. “चौथ्यांदा नको,” म्हणाले. नवे पेशकार यायला महिना होता, तोवर घराची किल्ली माझ्याकडे. सकाळी कचेरीच्या आधी जायचं, पाणी घालायचं, बघायचं. पेन्शन झाल्यावर ते येऊन घेऊन जाणार होते. मी म्हटलं, “उमलली की मी कार्ड टाकतो. दोन दिवसांची रजा काढून या की!”

“रजेच्या अर्जात कारण काय लिव्हू?”

“तबियत नासाज. सगळे तेच लिहितात.”

“माझी तबियत बराबर हाये.”

“मग लिहा, फूल बघायचंय.”

“ते लिव्हलं तर रजा कोण देईल?” म्हणाले, आणि गाडीत बसले. काकू गाडीतून ओरडून सांगत होत्या, “सवतीला पाणी जास्ती घालू नका हो!”

चैत्रात फुलं आली. काय सांगू तुम्हाला! एका देठावर सतरा, मी मोजली. पांढरी, गुलाबी झाक, मधोमध लालचुटूक चांदणी आणि प्रत्येकीला लोंबणारा मधाचा थेंब. हात लावला तर खरंच मेण. मी सगळं तपशीलवार लिहून कार्ड टाकलं. अगदी खूश होतो स्वतःवर.

बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. “कैफियत मिळाली. पण वास कसा, ते लिहिलं नाही. जरूर कळवावं.”

मी पळत गेलो. फुलं केव्हाच गळली होती, वाळकी खाली पडलेली. नाकाशी धरली तर मातीचा वास. सकाळी सकाळी मी रोज जात होतो, पण मला कधी वास आला नव्हता. आता काय लिहायचं? ‘नाही घेतला’ म्हणून? अकरा वर्षं वाट बघितलेल्या माणसाला? घरी बायकोनं पाण्याच्या माठात मोगऱ्याची फुलं टाकली होती. मी कार्ड घेतलं आणि लिहिलं, “वास मोगऱ्यासारखा, मंद.”

त्यांचं कार्ड आलं. त्यांनी मला लिहिलेलं सगळ्यांत लांब कार्ड ते. “मोगऱ्यासारखा! वाचून दिल खूश झाला. डोळे मिटले की येतो आता.”

नवे पेशकार आले तेव्हा मी वेल माझ्या घरी, पूर्वेच्याच खिडकीत ठेवली. पौषात जिंतूरहून कळलं, पेशकारसाहेब गेले. दोन दिवसांचा ताप, बस्स.

पुढच्या चैत्रात त्याच जुन्या देठाला पुन्हा कळ्या आल्या. दिवेलागणीला मी अंगणात हातपाय धूत होतो. बायको आतून विचारते, “अहो, गूळ कुणी ठेवला चुलीवर?” चुलीवर काही नव्हतं. आत आलो तर घरभर कढत्या गुळाचा, काकवीचा वास. खिडकीशी गेलो. मोमबेल. ती सकाळी वास देत नाही, संध्याकाळी देते. मोगऱ्याचा तिथं मागमूससुद्धा नव्हता. मी तिथंच खाली बसलो. बायको विचारत होती काय झालं.

आठ-दहा दिवसांत काकू आल्या. राजूरला चतुर्थीला आल्या होत्या, तिथून मुद्दाम गाडी करून. दुपारची वेळ. भाकरी खाऊन वेलीपाशी बसल्या, दोन-चार फुलं अजून होती. तोंड जवळ नेलं.

“वास न्हाई येऊन राह्यला.”

“संध्याकाळी येतो, काकू.”

“मोगऱ्यासारखा ना? तापात पण ह्यांचं तेच. शेजारची बाई बघायला आली तर तिला सांगितलं, आमच्या वेलीला मोगऱ्याचा वास येतो म्हणून.” त्या हसल्या, डोळे पुसले. “येतो ना?”

“हो काकू,” मी म्हणालो. “अगदी मोगऱ्यासारखा.”

बायकोनं माझ्याकडे बघितलं. काकूंना तिनं रात्री राहायचा आग्रह केला, पण गाडीवान घाई करत होता. ऊन असतानाच गाडी वेशीबाहेर पडली. मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज अजून गेलेली नाही.