वाकलेला मडगार्ड

काल घड्याळाच्या दुकानात कारागिरानं चिमट्यात इवलासा स्क्रू धरला आणि क्षणभर श्वास रोखला. तसाच श्वास रोखून मी एकेकाळी बाबांच्या रणगाड्याला पितळेचे भाग चिकटवायचे.

बाबा सैन्यात रणगाडा चालवायचे. निवृत्तीनंतर माझ्या भावानं त्यांना जोडून बनवायच्या प्लॅस्टिकच्या छोट्या रणगाड्याचे सुटे भाग आणून दिले. त्यात कागदासारख्या पातळ पितळेच्या जाळ्या, कड्या आणि मडगार्डही होते. बाबांचा हात थरथरायचा, म्हणून ते सांगायचे आणि मी चिकटवायचे. एरवी सैन्यातल्या दिवसांबद्दल ते चकार शब्द काढत नसत.

एका दुपारी मी पुढचा मडगार्ड बसवत होते.

"सरळ नको लावूस," बाबा म्हणाले. "आमचा वाकलेला होता."

"कशानं?"

"आमच्या रणगाड्यावर तोफ चालवणारा करतार रोज त्यावरच पाय देऊन उतरायचा. कितीदा सांगितलं, पण ऐकायचा नाही."

मी चिमट्यानं जरासं दाबलं. नखाएवढा तो पत्रा वाकला आणि बाबा बोलायला लागले. करतारचं हसणं, त्याचा पाकासारखा गोड चहा, आणि ज्या दिवशी तो रणगाड्यातून उतरलाच नाही, तो दिवसही. इतकी वर्षं गप्प राहिलेलं दुःख एवढ्याशा पितळेपाशी येऊन बोलतं, याचं मला नवल वाटत राहिलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

"हे मला कधी सांगितलं नाहीत," ती हळूच म्हणाली आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.