टेपवर फोडलेलं खापर

शिंपीणमावशीच्या गळ्यात टेप कायम लटकलेली. येणाऱ्याजाणाऱ्याचं माप ती नजरेनंच घ्यायची आणि वर मोठ्यानं सांगायचीही. घरी राहणाऱ्या भाचीची कंबर दर ड्रेसला कमी भरू लागली, तेव्हा मावशीनं टेपवरच खापर फोडलं. "मेली ताणून लांबलीय!" म्हणत तिनं नवी आणली. नवीनंही तेच माप दाखवल्यावर मात्र मावशीचं धाबं दणाणलं. मग भाचीच्या ताटावर पहारा बसला, आरडाओरडा झाला, शपथा घालून झाल्या. पोरगी आणखीच मिटली, तेव्हा मावशीनं तिला दवाखान्यात नेलं.

"हे नखरे नाहीत, मनाचा आजार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दटावून ताप उतरतो का? उपचार लागतील, वेळही लागेल."

घरी परतल्यावर शेजारीण म्हणाली, "दोन रट्टे द्या, मुकाट जेवेल."

"आधी तुमच्या दम्याला देऊ का?" मावशी कडाडली.

त्या दिवशी जेवायला बसताना भाची चमकली. "मावशी, टेप कुठंय?"

"मशीनच्या खणात. इथं तिचं काय काम?"

आणि जन्मभर माणसं मापणारी मावशी, पोरीच्या ताटाकडे नजर जाऊ नये म्हणून, खिडकीबाहेर बघत गप्पा मारत राहिली.