अखंड सप्ताहातला दुपारचा पहारा

बेलवलीतल्या आमच्या देवळासमोर सप्ताहाचा फलक लागला की दरवर्षी मला त्यावरच्या शब्दांचा राग यायचा. अखंड हरिनाम, निरंतर सेवा, अविरत अन्नदान. सात दिवसांत आटोपणाऱ्या गोष्टीला असले न संपणारे शब्द कशाला, असं मी घरी म्हणालो की वडिलांचा घास हातातच थांबायचा. कित्येक वर्षं सप्ताहाची शिस्त त्यांच्याकडे होती. वीणा सात दिवस या गळ्यातून त्या गळ्यात जाते, ती जमिनीला टेकली किंवा मांडवाबाहेर गेली की सप्ताह मोडला. आणि वीणा पुरुषांनीच घ्यायची. हा दुसरा नियम कुठून आला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, नवरा गेल्यावर माहेरी आली तेव्हापासून दरवर्षी वीणेचा एक पहारा, दोन तासांची पाळी, मागायची. दरवर्षी ते नाही म्हणायचे.

यंदा वडील मांडवात नव्हते. फुप्फुसं थकलेली, नाकात नळी, उशाशी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं : सतत. या शब्दाचा मला राग आला नाही, कारण त्याला बटण होतं. लाइट गेली तर कोपऱ्यात सिलिंडर होताच.

दुपारी दोन ते चार माझा पहारा. पंगत उठून सगळे पांगले होते. मांडवात वीणा घेऊन उभा मी आणि वाती वळत बसलेली आत्या, एवढेच. चारला वीस मिनिटं असताना डोक्यावरचा पंखा थांबला. मी नाम म्हणत राहिलो. मग खिशातला फोन वाजला. आई म्हणाली, मशीन बंद पडलंय आणि सिलिंडरची चावी कुठेच सापडत नाही. मी खिसा चाचपला. चावी माझ्याकडेच होती. सकाळी सिलिंडर तपासून मीच ती खिशात टाकली होती.

चारच्या माणसाला फोन लावला. तो उल्हासनगरहून निघाला होता, पुलावर अडकला होता, येतोच म्हणाला. आईला वडिलांना सोडून येता येत नव्हतं, शेजारचे सगळे कामावर. आत्याला चावी देऊन पाठवावं, तर तिचे गुडघे गेलेले. माझी पाच मिनिटांची वाट तिला अर्धा तास लागायची.

पुढचं सांगायची मला अजून लाज वाटते. मी उभाच राहिलो. आयुष्यभर या नियमांची टिंगल केली, पण वीणा खाली ठेवायला हात धजेना. दोनदा वाकलो, दोनदा सरळ झालो. तोंडानं नाम चालू होतं आणि मनात वडिलांवरचा संताप उसळत होता, की मरता मरताही हा माणूस मला वीणेचंच विचारेल. फोन पुन्हा वाजला. ओठ निळे पडायला लागलेत, आई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

आत्यानं वातींचं ताट बाजूला सारलं, खांबाला धरून ती उठली आणि पदर कमरेला खोचला.

"दे इकरं," ती म्हणाली. "आन् पल."

वडिलांना काय सांगू, असं मी विचारलं.

"जिता ऱ्हायला तं सांग, मी घेतली म्हनून."

मी वीणा तिच्या गळ्यात घातली. पहारा बदलताना एकमेकांच्या पाया पडायची रीत आहे, ती राहूनच गेली. चप्पल न घालता पळालो. मागून तिचा आवाज येत होता. चिरका होता, पण मी सोडलेल्या नामापासूनच तिनं पुढे धरलं होतं.

घरी पोचलो तर आई वडिलांना पाठीमागून आधार देऊन बसली होती. घाईत चावी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली आणि सिलिंडरमधून सूं सूं आवाज येऊ लागला. बराच वेळ आम्ही दोघं फक्त त्यांचे ओठ बघत होतो. निळेपणा हळूहळू उतरला. वडिलांनी डोळे उघडले, घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या मोकळ्या गळ्याकडे.

"वीणा?"

आत्याकडे, मी म्हणालो. भांडायची सगळी तयारी ठेवूनच म्हणालो.

त्यांनी नाकातली नळी सारखी केली आणि दोन लांब श्वास घेतले.

"मंग इथं काय बसलास," ते म्हणाले. "तिला पानी नेऊन दे. पैला पहारा हाय, खांदा भरंल तिचा."