टाळूवरचे व्रण

"हे केस परत येणार नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना ते दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा मी मान डोलावली आणि विचारलं, "मग किती महिन्यांनी येतील?"

मोठ्या सरकारी इस्पितळातला त्वचा विभाग होता. समोर माझ्या बायोप्सीचा रिपोर्ट होता आणि त्यात नाव होतं, डिस्कॉइड ल्युपस. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीरात जी ताकद असते, ती या आजारात आपल्याच कातडीवर उलटते. टाळूवर तो झाला की केसांची मुळं मरतात आणि तिथे व्रण उरतो. याला स्कारिंग अ‍ॅलोपेशिया म्हणतात. व्रणातून केस उगवत नाही.

"आजार थांबवता येईल," त्या म्हणाल्या. "गेलेलं परत आणता येणार नाही."

बाहेर बाकावर हे बसले होते. हे मूळचे दोडामार्गचे. लग्नाआधीपासून खाणीवर ट्रक चालवतात आणि मोजकंच बोलतात. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. "औषध दिलंय," मी म्हटलं. मग आम्ही साखळीला घरी जाणारी बस पकडली.

सुरुवात साधी होती. मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. प्रार्थनेला मुलांबरोबर उन्हात उभी राहिले की डोक्याच्या मधोमध आग व्हायची. खाज यायची, पापुद्रे निघायचे. कोंडा असेल म्हणून मी लिंबू लावत राहिले.

तो डाग आईने पाहिला. ती माहेरून, मयेहून चार दिवस राहायला आली होती. माझ्या डोक्याला माक्याचं तेल चोळता चोळता तिचा हात एका जागी थांबला. "गो, हांगा केस नात," ती म्हणाली. मग तिने आजूबाजूचे केस ओढून ती जागा झाकली, जणू कोणी बघत होतं.

मी शहरातल्या एका केसांच्या केंद्रात गेले. पांढरा कोट घातलेला एक तरुण होता. दारावर त्याच्या नावापुढे ट्रायकोलॉजिस्ट लिहिलं होतं. केसांचा आणि टाळूचा जाणकार, असा त्याचा अर्थ. त्याने वरवर पाहिलं आणि सांगितलं, "टेन्शनमुळे होतं, मॅडम." एक तेल दिलं, एक सिरम दिलं आणि दर आठवड्याला मशीनखाली बसायला बोलावलं. मी पावसाळाभर जात राहिले. आग वाढली. एकाचे तीन डाग झाले. तो म्हणायचा, जुने केस गळतायत म्हणजे नवे येतील. मी विश्वास ठेवला, कारण मला तेच ऐकायचं होतं.

पुढे कळलं की त्याचं सगळं शिक्षण तेल बनवणाऱ्या एका कंपनीच्या छोट्या कोर्समध्ये झालं होतं. तो वाईट नव्हता. त्याला प्रत्येक डोक्यासाठी एकच उत्तर शिकवलेलं होतं.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला म्हापशाच्या स्नेहलचा पत्ता दिला. तीही ट्रायकोलॉजिस्टच. मूळची पेडण्याची, आधी तिचं पार्लर होतं. गिऱ्हाइकांच्या डोक्यावर जे दिसायचं ते समजेना, म्हणून पार्लर बहिणीकडे सोपवून ती शिकायला गेली. केस कसा वाढतो, कधी गळतो, टाळूचे आजार कसे ओळखायचे, रक्तात काय कमी असलं की काय होतं, हे सगळं वर्षाहून जास्त शिकली, आणि मग एका अनुभवी माणसाच्या हाताखाली राहिली.

तिने आधी डोक्याला हातच लावला नाही. पाळी, थायरॉईड, सांधेदुखी, तोंडातले फोड, उन्हात गेल्यावर अंगावर चट्टे येतात का, सगळं विचारलं. मग ट्रायकोस्कोप काढला. ही टाळू मोठी करून दाखवणारी दुर्बीण असते, चित्र समोरच्या पडद्यावर येतं. कानामागची चांगली जागा तिने आधी दाखवली. बारीक बारीक छिद्रं, एकेकातून दोन-तीन केस. मग दुर्बीण डागावर ठेवली. पांढरं, गुळगुळीत, नुसतं सपाट.

"हांगा छिद्रंच उरूंक नात," ती हळूच म्हणाली. तिने दुर्बीण खाली ठेवली आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"बाई, मी डॉक्टर नाही. मला रोगाचं औषध लिहून देता येत नाही, बायोप्सी करता येत नाही. हा आजार माझ्या हातातला नाही. तेल, सिरम, मशीन आजच बंद करा आणि याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. थांबू नका."

"म्हणजे तुम्ही काहीच देणार नाही?"

"आत्ता नाही. कुठे थांबायचं, हे आम्हाला पहिलं शिकवतात. आजार शांत झाला की परत या. तेव्हा माझं काम आहे."

मला तिचा राग आला. इतक्या लांब येऊन रिकाम्या हाताने परत पाठवलं, असं वाटलं. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी रडले.

पण गेले, त्या मोठ्या इस्पितळात. बायोप्सीत जागा बधिर करून कातडीचा छोटा गोल तुकडा काढतात आणि टाके घालतात. दुखलं नाही फार. रिपोर्टची वाट बघणं जास्त जड गेलं.

औषध सुरू झालं, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मूळचं हिवतापाचं औषध, पण या आजारात कातडीवरचा हल्ला शांत करतं. त्यासाठी डोळे अधूनमधून तपासून घ्यावे लागतात. डागांच्या कडेला स्टिरॉइडची इंजेक्शनं घेतली. रक्त, लघवी तपासतात, कारण काहींमध्ये हा आजार मूत्रपिंडापर्यंत जातो. माझा आजपर्यंत कातडीतच आहे. आजपर्यंत, एवढंच म्हणायची मला सवय झाली आहे.

ऊन वर्ज्य झालं. प्रार्थनेला मी आता व्हरांड्यात उभी राहते. आग थांबली, खाज थांबली, नवे डाग येईनात. सगळे म्हणाले, बरी झालीस. मी आरशासमोर मात्र मान खाली घालूनच उभी राहायची. डोक्याच्या मधोमध हाताच्या पंजाएवढी जागा कायमची मोकळी झाली होती.

डॉक्टरबाईंनी हो म्हटल्यावर मी पुन्हा स्नेहलकडे गेले. आईने मला एकटीला जाऊ दिलं नाही. स्नेहलने डाग तपासले, टॉपरचं माप घेतलं. टॉपर म्हणजे मधला भाग झाकणारा केसांचा तुकडा. कडेची जागा नाजूक आहे, तिथे चिमटा नको, असं ती समजावत होती. तेवढ्यात आईने आपला अंबाडा सोडला आणि केस स्नेहलपुढे धरले.

"माजे घे गो चेडवा. माका आता ह्या वयार केस कित्याक जाय?"

पांढरे झालेले, पातळ, पण कमरेपर्यंत येणारे केस. स्नेहलने ते हातात घेतले. लगेच नाही म्हणाली नाही. बोटांमधून हळूहळू सोडत राहिली. मग म्हणाली, "आये, हे खूप मऊ आहेत. विणताना तुटतील. नाहीतर मी तुमचेच घेतले असते."

आईने अंबाडा परत बांधला. माझ्या सगळ्या आजारपणात तिने एकदाही डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. त्या दिवशी बसमध्ये डिचोलीपर्यंत ती पदराचं टोक तोंडावर धरून बसली. मी तिचा हात धरला. माझं जे परत येणार नव्हतं, त्याचं दुःख माझ्यापेक्षा तिला जास्त होतं, आणि त्यावर कोणाकडेच औषध नव्हतं.

हे वाचणाऱ्या कोणाच्या डोक्यात आग होत असेल, एखादी जागा गुळगुळीत, चकचकीत दिसत असेल, तर तेलं बदलत बसू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. केसांच्या जाणकाराकडे गेलात तर विचारा, तुम्ही काय शिकलात, आणि तुमच्या हातात काय नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जो सरळ देतो, त्याच्याकडे बसा. माझे पावसाळ्यात गेलेले केस त्या एका प्रश्नाने वाचले असते. उरलेत ते एका "नाही"मुळे उरलेत. त्या नाहीचे उपकार मी विसरणार नाही.

परवा टॉपर सैल झाला म्हणून म्हापशाला गेले होते. बाहेरच्या बाकावर एक मुलगी डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून बसली होती. मोपाच्या विमानतळावर नोकरीला होती. त्वचेच्या डॉक्टरांनी तिला नुकतंच आजाराचं नाव सांगितलं होतं. माझ्याच आजाराचं.

"तुमचे परत आले?" माझ्या केसांकडे बघत तिने विचारलं.

मी टॉपरचे चिमटे सोडले आणि तो काढून मांडीवर ठेवला. घराबाहेर, अनोळखी माणसासमोर, पहिल्यांदाच. मी मान वाकवली. मग तिची थंड बोटं माझ्या व्रणावर टेकली.

"दुखता?"

"ना, आता दुखना," मी म्हटलं.

तिने बोटं काढली नाहीत. मीही मान तशीच ठेवली.