वारा सरला

बाबांच्या लहान आतड्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, अशी गाठ क्वचितच होते. तिने वाटच अडवली होती. तेवढा तुकडा काढून त्यांनी आतड्याची टोकं जोडली. तेव्हापासून रोज सकाळी येऊन ते एकच विचारतात, “वारा सरला का?” तो सरल्याशिवाय घोटभर पाणीही नाही.

आमच्या घरी हा विषय कुणी काढत नसे. डॉक्टरांनी विचारलं की आई तोंडाला पदर लावून नुसती नकाराची मान हलवायची. पण लाजही शरीर धड असेल तोवरच परवडते. आज डॉक्टर यायच्या आधीच तिने शेजारच्या खाटेजवळच्या बाईंना सांगून टाकलं, “आमच्यांचा सरला हो.”

त्यांच्या नवऱ्याचंही आतड्याचंच ऑपरेशन झालं होतं. “बरं झालं,” म्हणत त्या उठल्या आणि डोक्यावरचा पंखा बंद करून नवऱ्याजवळ कान देऊन बसल्या.