टॉवेलाखाली धरलेला हात

या पानावर लोक जे लिहितात — कुणाला पांढरी बाई दिसली, कुणाच्या मागे पावलं वाजली — ते मी दर वेळी वाचतो आणि दर वेळी हसतो. बायको म्हणते, हसायचंच असेल तर वाचता कशाला? बरोबर आहे तिचं. पण मी गॅरेजमध्ये काम शिकलेला माणूस. गाडी बंद पडली की त्याला कारण असतं, आणि ते सापडलं नाही तर शोधणारा कच्चा, एवढंच माझं तत्त्वज्ञान. भूतखेत, उतारे, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आजही नाही, असं म्हणायची फार इच्छा आहे.

माझ्या गोष्टीत रात्र नाही, स्मशान नाही, पिंपळ नाही. भर दुपार, नगर शहर, आजूबाजूला माणसं आणि चहा. भीतीपेक्षा लाजच जास्त आहे तिच्यात, म्हणून आजवर कुणाजवळ बोललो नाही.

आमची वाडी अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पाण्याच्या काठाला. भात थोडं, बाकी सगळी भिस्त मासळीवर. वाडीची मिळून मासेमारीची सोसायटी होती आणि सोसायटीची एक सागवानी होडी होती. छोटीच, पण वजनाला नुसती धोंड. बहात्तरला पाऊस दगा देऊन गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी असं हटत गेलं, की आमच्या बाजूला फक्त एक डबकं उरलं. होडी त्या डबक्यात. खरं पाणी, म्हणजे मासळी असलेलं पाणी, मधल्या टेकाडाच्या पलीकडे. डबक्यातली मासळी संपली तशा वाडीतल्या चुली थंडावल्या. एरवी होडी ओढायला दोन बैलजोड्या लावायचो, पण त्या साली चाऱ्याविना बैलांच्या बरगड्या दिसत होत्या. त्यांना जुंपायला कुणाचा जीव झाला असता?

मग ठरलं, सोसायटीच्या शिलकीतून एक जुनी जीप घ्यायची. होडीखाली घालायला लोहाराकडून चाकांचा गाडा करून घेतला होता, त्याला जीप जोडायची आणि होडी टेकाडापलीकडे न्यायची. पुढेही दर पावसाळ्याआधी होडी वर ओढायला, मासळी राजूरला पोचवायला ती कामाला येणारच होती. मात्र टेकाड भुसभुशीत, चढ उभा. साधी गाडी तिथे जागच्या जागी चाक फिरवत बसली असती. चारही चाकांना जोर देणारी, फोर-व्हीलचीच जीप हवी होती. नगरला लष्कराच्या जुन्या जीपा लिलावात निघायच्या आणि काही व्यापारी त्या दुरुस्त करून विकायचे.

निवड करायला मला धाडलं. मी संगमनेरच्या गॅरेजात काही वर्षं काढली होती हे एक कारण. खरं कारण म्हणजे माझे वडील, आबा. राजूरच्या बाजारात डांगी बैल घ्यायचा तर आख्खा डोंगर आबांना सोबत न्यायचा. त्यांनी पसंत केलेला बैल कधी खोडीचा निघाला नाही. आबा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि वाडीतल्या लोकांनी मनाशी धरलं होतं की म्हाताऱ्याची परख पोरात उतरली असणार. बैलाची परख जीपला कशी चालेल, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. छाती फुगली होती ना.

सोबत सोसायटीचे कोंडाजी नाना होते. आबांचे जिवलग मित्र, डोक्याला मुंडासं, खांद्यावर टॉवेल. राजूरहून संगमनेर, तिथून नगर, असा एस.टी.चा प्रवास करून आम्ही स्टेशनकडच्या रस्त्याला रहीमभाई नावाच्या व्यापाऱ्याच्या वाड्यावर — वाडा कसला, पत्र्याचं कुंपण घातलेलं मोकळं आवार — पोचलो. आत जीपा उभ्या होत्या. नानांनी एकेकीभोवती फेरी मारली. टायर दाबून पाहिले, वाकून पोटाखाली पाहिलं, बॉनेटवर हात फिरवला.

"हिचं खूर चांगलं हाय," बॉनेटच्या कडेला पोचा आलेल्या एका हिरव्या जीपसमोर थांबून ते म्हणाले. "आदी कुनाकडं हुती?"

"लष्करात," रहीमभाई म्हणाले.

"मंजी खाल्ल्याप्याल्याली हाय."

रहीमभाईंनाही हसू आलं. मी मात्र रीतसर कामाला लागलो. इंजिन ऐकलं, गिअर टाकले, फोर-व्हीलचा दांडा ओढून पाहिला. आवाराच्या मागे कोरडा नाला होता. तिथे विटांनी भरलेली ट्रॉली तिच्या मागे जोडायला लावली आणि स्वतः बसून तिला उभ्या चढावर घातली. मातीत चाकं थोडी रुतली... आणि मग चारही चाकांनी जमीन धरली आणि जीप वर आली. अशी सुरेख गाडी मी तोवर चालवली नव्हती. खाली उतरलो तेव्हा नानांच्या डोळ्यात पाणी होतं. "आबा असाया पायजे हुता," ते म्हणाले.

आता भाव. नानांचा आग्रह — सौदा बाजारच्या रीतीनंच व्हायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातांवर टॉवेल टाकतात आणि आतल्या आत एकमेकांची बोटं धरून आकडा कळवतात. सोसायटीचा पैसा, दहा जणांच्या कानावर आकडा कशाला, असं नानांचं म्हणणं. मला वाटलं रहीमभाई उडवून लावतील. पण ते म्हणाले, "अहो, माझ्या वालिदांचा बैलांचाच धंदा होता. टाका टॉवेल."

ही रीत मला आबांनीच शिकवली होती, लहानपणी, घरी. ओसरीवर समोरासमोर बसायचं, बैल म्हणून मध्ये पितळी तांब्या ठेवायचा आणि टॉवेलाखाली भाव करायचा. आबांचं उजव्या हाताचं पहिलं बोट कासऱ्यात सापडून मधूनच वाकडं झालेलं होतं, ते सरळ होत नसे. माझा भाव चुकला की ते अंगठ्याच्या नखानं माझ्या तळहातावर दोन ओरखडे काढायचे. म्हणजे — सोड, ऊठ.

तर मी जीपच्या बॉनेटजवळ उभा राहिलो, उजवा हात पुढे केला, नानांनी त्यावर टॉवेल टाकला. लगेच आतून हात आला आणि त्यानं माझी बोटं धरली. मी विचार करत होतो, पहिला आकडा कमीच सांगावा. तेवढ्यात मला जाणवलं की माझ्या बोटांना लागणारं एक बोट वाकडं आहे. मधूनच. कडक. कोरडा, जाड कातडीचा, थोडा गार हात. मग तळहातावर नख फिरलं. एकदा. पुन्हा एकदा.

मी वर पाहिलं. रहीमभाई माझ्यासमोर होते खरे, पण चार पावलं लांब. त्यांच्या एका हातात कप होता, दुसऱ्या हातात बशी. ते चहा बशीत ओतत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "जरा दम खा, घोटभर घेतो आन् आलोच." नाना माझ्या डाव्या अंगाला, दोन्ही हात कमरेवर. आणि टॉवेलाखाली माझा हात कुणीतरी घट्ट धरलेला होता.

मी हिसडा देऊन हात काढला. टॉवेल खाली पडला. मातीवर पडलेला टॉवेल, बस. दुसरं काही नाही.

"काय रं?" नाना म्हणाले.

"ही नको," मी म्हणालो.

"आँ?"

"नको म्हंतो ना. दुसरी बघू... न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

तिथंच खरं सांगितलं असतं तर नानांनी बहुधा नारळ फोडून विषय संपवला असता. पण मी गॅरेजचा माणूस ना! मेलेल्या बापानं हात धरला, असं चारचौघांत सांगू? मी सांगितलं, गिअरबॉक्समध्ये आवाज आहे. रहीमभाईंनी कप-बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा पडला. "भाई, माल खराब असेल तर मी सांगून विकतो. दाखवा मला आवाज." त्यांनी जीप सुरू केली, प्रत्येक गिअर टाकून दाखवला, झाकण उघडून दाखवलं. मी वाकून कान लावत होतो आणि आत काही नव्हतं. नुसता गोड, एकसारखा आवाज. आवारातली पोरं माझ्याकडे बघून हसत होती. बाकीच्या जीपा आमच्या कामाच्या नव्हत्या. आम्ही निघालो तेव्हा रहीमभाई फक्त नानांना म्हणाले, "बाबा, चहा तरी घेऊन जा." नानांनी घेतला. मी माझा कप तसाच ठेवला.

परतीच्या एस.टी.त नाना खिडकीबाहेर बघत बसले होते. संगमनेर आल्यावर एवढंच म्हणाले, "तुला कळतंय म्हून तुला धाडलं. तू न्हाई म्हंतोस तर न्हाई." हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मग वाडीनं होडी हातानं ओढली. बायकाबाप्यांनी दोर धरले, गाड्याच्या चाकांपुढे फळ्या टाकल्या, दिवसभर ओढून बैलाच्या अंगाएवढी जागा पुढे. माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. टेकाडाच्या मध्यावर गाडा रुतला तो हलेचना, आणि एका दुपारी दोर तुटून नाना पडले. गुडघा सुजून टम्म झाला. होडी तशीच उन्हात, फळ्यांना भेगा पडायला लागल्या. घरात पोरं नुसती नागलीची आंबील पीत होती. मी रात्रंदिवस एकच घोकत होतो, की त्या जीपमध्ये काहीतरी वाईट असणारच. आबा उगाच कशाला येतील?

पुढे पलीकडच्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर एक ठेकेदार आला. आमची होडी अडकल्याचं त्याच्या कानावर गेलं. भला माणूस. म्हणाला, माझी जीप घेऊन जा, एका दिवसात काम होईल, ड्रायव्हर मात्र रजेवर आहे, तुमच्यात कुणाला चालवता येते? सगळे माझ्याकडे बघायला लागले. जीप बघायला गेलो आणि जागीच थांबलो. तीच, रहीमभाईंकडची हिरवी. बॉनेटच्या कडेचा पोचा मी विसरलो नव्हतो. नानांनीही ओळखली असणार.

मी बसलो. गाड्याला साखळी लावली, फोर-व्हीलचा दांडा ओढला. मागे होडी, होडीच्या दोन्ही बाजूंना वाडीतली झाडून सगळी माणसं हात लावून चालत होती. आणि आता जे लिहितो तेच लिहायला इतकी वर्षं गेली. चढावर चाकं रुतली तेव्हा मनातून मला वाटत होतं, मोड. काहीतरी मोड आता. ब्रेक जाऊ दे, एक्सेल तुटू दे, म्हणजे मी खरा ठरेन. मागे आमची माणसं होती. गाडी मागे सरकली असती तर पहिले सापडले असते ते नाना, लंगडत, अगदी जवळ चालणारे. मला हे दिसत होतं. तरी मी वाट बघत होतो. गिअरवरच्या माझ्या हातावर दुसरा हात येईल याचीही वाट बघत होतो.

काही झालं नाही. चारही चाकांनी जमीन धरली, होडी टेकाडावर आली, पलीकडे उतरली आणि अलगद पाण्यात गेली. पोरं ओरडली, बायका हसल्या. नाना जीपच्या बाजूला येऊन उभे राहिले, बॉनेटवर हात ठेवला.

"चांगली हाय की रं गाडी," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी वाडीत मासळी शिजली. आमच्याही घरी. मी भूक नाही म्हणून झोपलो.

ती जीप पुढे कित्येक वर्षं भंडारदऱ्याच्या रस्त्यावर धावत होती. कधी बंद पडल्याचं ऐकलं नाही, कधी कुणाला खरचटलं नाही. ती समोरून आली की मी बुटाची नाडी बांधायला वाकायचो, बऱ्याचदा पायात चपला असायच्या.

उन्हाचा परिणाम म्हणा, उपाशी पोट म्हणा. स्टिअरिंग ओढून हाताला गोळा आला असेल, असं एका डॉक्टरांनी सांगितलं. असेल. गोळा आला तर हात धरल्यासारखा वाटेल. पण वाकडं बोट? आणि जीपमध्ये काही वाईट नव्हतं, तर सोड कशाला म्हणायचं? कधीकधी एवढंच मनात येतं, की ओसरीवरच्या त्या खेळाखेरीज आबांनी माझा हात कधी हातात घेतल्याचं मला आठवत नाही. त्यांच्याकडे हात धरायची दुसरी रीतच नव्हती. आणि तेव्हा मी हिसडा दिला.

नाना गेले तेव्हा त्यांच्या मुलानं आठवण म्हणून त्यांचा टॉवेल मला दिला. मागच्या महिन्यात दुपारी घरात कुणी नव्हतं. मी ओसरीवर बसून तो उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे करून थांबलो. किती वेळ कोण जाणे. बायको बाहेरून आली, उंबऱ्यातच थबकली. "हे काय चाललंय?"

काही नाही म्हटलं, आणि टॉवेलची घडी घातली.